एलिजिबल बोलिए, भैया

शैलजा घोरपडे यांना इंदूरच्या बडा गणपती भागातल्या आमच्या गल्लीत सगळे 'इंग्लिशवाल्या ताई' म्हणतात. मी मूळची नाशिकची. इथल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात नोकरी लागली म्हणून चार वर्षांपूर्वी इंदूरला आले आणि त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागले. जेवायलाही त्यांच्याकडेच असते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला टोकलं. मी कुणाशी तरी फोनवर बोलताना 'व्हेजिटेबल' म्हणाले होते. जिन्याखालून आवाज आला, "क्षितिजा, व्हेज्टेबल. मधलं जि अर्धं गिळायचं."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. शब्द चुकीचा उच्चारला की त्यांना खरंच दुखायचं. त्यामागचं कारण त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. बावीस वर्षांच्या असताना बँकेच्या मुलाखतीत त्यांना इंग्रजी उतारा वाचायला दिला होता. त्यात 'रिसीट' हा शब्द होता. त्यांनी स्पेलिंगप्रमाणे 'रिसीप्ट' वाचला. टेबलापलीकडचे तिघंही हसले. एकाने तर तो शब्द पुन्हा वाचायला लावला, बाकीच्यांना ऐकवायला म्हणून. नोकरी मिळाली नाही. घोरपड्यांच्या घरात पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते याचं कौतुक होतं, पण इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. शैलजाताई मराठी शाळेत आणि मग हिंदी कॉलेजात शिकलेल्या. त्यांनी उच्चार दिलेला एक जाड शब्दकोश विकत घेतला, रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या कान देऊन ऐकल्या आणि पुढे एका विमा एजंटाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून एकतीस वर्षं काढली. तिथे त्यांच्या इंग्रजीला कुणी हसलं नाही.

यजमान गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, प्रिंटर आणि स्कॅनर मांडला. गल्लीतल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म त्या भरून देत. पेन्शन, राशनकार्ड, मुलांच्या परीक्षा, काहीही. लोक विश्वासाने येत, कारण त्या एकेक रकाना मोठ्याने वाचून, समजावून भरायच्या.

त्यांच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या गंगूबाई मूळच्या बऱ्हाणपूरकडच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. नवरा नाही. एकुलती मुलगी शिखा मागच्या वर्षी बारावी झाली, विज्ञान घेऊन, सत्तर टक्क्यांनी. तिला नर्स व्हायचं होतं. महूला एका ट्रस्टचं छोटंसं नर्सिंगचं केंद्र आहे. तिथे दरवर्षी बारा मुलींना शिकणं, राहणं, जेवण सगळं मोफत मिळतं. अट एकच कडक, की त्याच वर्षी बारावी झालेली हवी. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येत नाही.

फॉर्म अर्थातच शैलजाताईंनी भरला. गंगूबाईंचा फोन कधी चालू, कधी बंद, म्हणून संपर्कासाठी स्वतःचा नंबर दिला. मूळनिवासी दाखला शिखाने शाळेत असतानाच लॅमिनेशन करून ठेवला होता. तो स्कॅनरवर ठेवला तेव्हा वरच्या प्लास्टिकवर उजेड चमकला आणि दाखल्याचा नंबर पांढरा पडला. शैलजाताईंच्या ते लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांच्या दारात आणखी सहाजण उभे होते.

पंधरा दिवसांनी महूहून फोन आला. मी तेव्हा खालीच बसले होते, माझ्या गॅस कनेक्शनचा कागद प्रिंट करायला. म्हणून ते बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. फोन स्पीकरवर होता, कारण ताईंचे हात शाईने भरले होते.

"मैडम, शिखा पाटिल के फॉर्म के बारे में। मैं एडमिशन सेक्शन से अश्विन बोल रहा हूँ। उनका जो मूल निवासी है ना, वो इलेजिबल आ रहा है।"

"क्या आ रहा है?"

"इलेजिबल, मैडम।"

शैलजाताईंनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे 'ऐक कसं बोलतोय' अशा अर्थाने. मग अगदी शांतपणे, शिकवल्यासारखं म्हणाल्या, "एलिजिबल बोलिए, भैया। ए. एलिजिबल।"

पलीकडे तो अडखळला. मग तो मुलगा म्हणाला, "जी मैडम, वही। आप एक बार पोर्टल पर देख लीजिएगा। सोलह तारीख तक है।"

"हाँ हाँ, देख लेंगे। धन्यवाद।"

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "शिखा एलिजिबल आहे! पात्र ठरली पोरगी. अॅडमिशन सेक्शनमध्ये बसतात आणि साधा शब्द बोलता येत नाही यांना." मीही हसले. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण हसले मी.

गंगूबाई आतून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "काय झालं ताई? काम होऊन गेलं का आपलं?"

"होऊन गेलं गंगूबाई. तोंड गोड करा."

गंगूबाईंनी संध्याकाळी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शैलजाताई पुतणीच्या साखरपुड्याला देपालपूरला गेल्या आणि अठरा तारखेला परत आल्या. पोर्टल त्यांनी उघडलंच नाही. उघडायचं कशाला? कळायचं ते कळलं होतं.

महिनाअखेरीला यादी लागली. बारा नावांत शिखाचं नाव नव्हतं. मायलेकी बसने महूला गेल्या. तिथल्या खिडकीवर अश्विनच बसलेला होता. त्याने सांगितलं की कागद नीट नव्हता, मी फोन करून कळवलं होतं, तारीख निघून गेली. गंगूबाईंनी त्या ऑफिसात जो आरडाओरडा केला, तो त्यांनीच नंतर आम्हाला करून दाखवला. "मी बोलली त्याला, झूठ बोलून राहिला तू! आमच्या ताईंना फोन आला होता, पास झाली असं सांगितलं होतं तूच. कुणाचे पैसे खाऊन दुसरीला घेतलं ते सांग. तुझ्या लेकराबाळांना लागेल हे, बोलली मी."

शिखा मागे उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"ताई, तुम्ही बघा ना कॉम्प्युटरमध्ये," गंगूबाई म्हणाल्या. "काय लिहून ठेवलंय त्यांनी?"

शैलजाताईंनी पोर्टल उघडलं. शिखाचा नंबर टाकला. दाखल्यासमोर लाल अक्षरांत एक शब्द होता. आय, डबल एल, ई, जी... त्याखाली लिहिलं होतं की कागद सोळा तारखेपर्यंत पुन्हा चढवावा.

इलेजिबल. म्हणजे वाचता न येणारा. तो मुलगा बरोबर बोलत होता. तो दुसराच शब्द होता, दुसऱ्याच अर्थाचा, आणि त्याने तो अगदी जसा बोलावा तसाच बोलला होता.

शैलजाताईंनी मला पुढे सांगितलं, "क्षितिजा, तो शब्द मला माहीत होता गं. ऑफिसात जुन्या फाइलींवर साहेब लिहायचे, सही वाचता येत नाही म्हणून. डोळ्यांना माहीत होता. कानांनी कधीच ऐकला नव्हता. आणि मला वाटायचं, मी ऐकला नाही असा शब्दच नाही."

पण त्या दुपारी त्या एवढं बोलल्या नाहीत. गंगूबाईंनी पुन्हा विचारलं, "काय लिहिलंय ताई?" शैलजाताईंनी स्क्रीन बंद केली आणि म्हणाल्या, "काही नाही. त्यांच्या ऑफिसची गडबड आहे."

एवढं एकच वाक्य. पुढचं सगळं त्या वाक्यामागे आलं.

दोन दिवसांनी गंगूबाई तक्रारीचा अर्ज लिहून घ्यायला आल्या. ट्रस्टच्या मोठ्या साहेबांना द्यायचा होता. शैलजाताई नाही म्हणू शकल्या असत्या. डोकं दुखतंय म्हणू शकल्या असत्या. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि गंगूबाई सांगतील ते शुद्ध हिंदीत टाइप करत गेल्या. 'हमें किसी प्रकार की सही सूचना नहीं दी गई। संबंधित कर्मचारी ने फोन पर बताया था कि आवेदन पात्र है।' खाली गंगूबाईंनी मराठीत सही केली, एकेक अक्षर दाबून. शैलजाताईंनी तो कागद पाकिटात घालून दिला आणि त्या दिवशी गंगूबाईंच्या हातची पोळी त्यांच्याने खाल्ली गेली नाही. ताटात तशीच ठेवून गायीला घातली.

शिखा एका नमकीनच्या कारखान्यात पाकिटं भरायच्या कामाला लागली. सकाळी आठला जायची, सहाला यायची. कपड्यांना लसणाच्या शेवेचा वास यायचा. दारावरून जाताना ती "नमस्ते ताई" म्हणायची, आणि शैलजाताई काहीतरी शोधत असल्यासारख्या खाली वाकायच्या. मला ते तेव्हा दिसायचं, पण कळत नव्हतं. एवढंच जाणवायचं की आताशा त्या मला उच्चारावरून टोकत नाहीत. एकदा तर मी मुद्दाम 'वेडनेसडे' म्हणाले. त्या टाइप करत राहिल्या.

दिवाळीनंतर गंगूबाई एक दिवस उत्साहात आल्या. शैलजाताईंचा चहा चालला होता, मीही तिथे होते.

"ताई, आपल्या अर्जाने काम केलं! हटवलं त्याला. महूला माझ्या जेठानीची मुलगी राहते ना, तिने सांगितलं. कच्ची नोकरी होती त्याची, वर्षावर्षाची. आता पुढे ठेवलं नाही. बरं झालं ना? देवाने ऐकलं."

शैलजाताईंनी अर्धा चहा तसाच टाकून कप बाजूला सारला, तशा गंगूबाई थांबल्या. "तब्येत ठीक आहे ना ताई?"

"ठीक आहे. जा तुम्ही, उशीर होईल."

गंगूबाई गेल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. रडत नव्हत्या. अगदी फॉर्म वाचून दाखवल्यासारखं, रकान्यामागून रकाना. फोन, साखरपुडा, लाल अक्षरं, अर्ज. मी सुन्न होऊन ऐकत होते, कारण त्या फोनच्या वेळी मी तिथेच बसलेली होते आणि माझ्या कानांनाही काही खटकलं नव्हतं. माझं तर सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं.

"चूक कुणाकडूनही होते ताई," मी म्हणाले.

"चुकीबद्दल नाही बोलत मी. चुकीला चार महिने झाले. हे चार महिने मी रोज नव्याने खोटं बोलते आहे. तिने पोळ्या लाटायच्या आणि मी खायच्या. त्या मुलाची नोकरी मी टाइप करून घालवली."

"गंगूबाईंना सांगा."

"सांगणार. पण आधी त्याला."

त्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये होताच. त्यांनी माझ्यासमोरच स्पीकरवर लावला. अश्विनने उचलला. शैलजाताईंनी आधी नाव सांगितलं, मग म्हणाल्या, "भैया, मैं वही हूँ जिसने आपको एलिजिबल बोलने को कहा था।"

त्याने लगेच ओळखलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता. म्हणाला, "मैडम, मुझे पता था दोनों अलग हैं। पर आपने इतने भरोसे से बोला कि मुझे लगा, मैं ही गलत बोल रहा हूँ। आगे बहस करने की हिम्मत नहीं हुई। सोचा, पोर्टल पर तो लिखा ही है।" सध्या तो महूलाच मामाच्या मेडिकलच्या दुकानात बसत होता.

ताईंनी माफी मागितली. तो "कोई बात नहीं" म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलेलं नाही हे आम्हा दोघींनाही कळलं.

संध्याकाळी गंगूबाई आल्या तेव्हा शैलजाताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. एरवी त्या कधी खुर्चीवर बसत नसत. ताईंनी कागदावर दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले. एकाचा अर्थ पात्र, एकाचा अर्थ वाचता न येणारं, आणि मी ऐकायला चुकले, मग मला कळलं, आणि कळूनही मी तुमच्यापासून लपवलं, असं सगळं सांगितलं. गंगूबाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे त्याने फोन केला होता?"

"केला होता."

"खरं बोलत होता तो?"

"हो."

गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी त्याच्या लेकरांना शाप दिला ताई. भर ऑफिसात. सगळ्यांसमोर." शिखाचं नाव त्यांनी त्या वेळी काढलंही नाही. थोड्या वेळाने उठल्या, आत गेल्या, कणीक भिजवली, आठ पोळ्या लाटल्या, ओटा पुसला आणि निघाल्या. जाताना फक्त एवढं म्हणाल्या, "मला घेऊन चला महूला. रविवारी."

रविवारी आम्ही तिघी बसने गेलो. शैलजाताईंनी रात्रभर जागून नाही, भर दिवसा, मला शेजारी बसवून एक दुसरा अर्ज तयार केला होता. त्यात सगळं होतं. फोन आला होता, कर्मचाऱ्याने बरोबर शब्द सांगितला होता, ऐकण्याची चूक माझी, पहिला अर्जही मीच टाइप केला, तेव्हा मला सत्य माहीत होतं. खाली स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, सही. ट्रस्टचं ऑफिस रविवारी बंद असतं, म्हणून तो अर्ज त्यांनी सोमवारी पुन्हा एकटीने जाऊन दिला. पण रविवारी आम्ही मेडिकलच्या दुकानात गेलो.

अश्विन सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. चष्मा, बारीक शरीरयष्टी. काउंटरपलीकडे एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होता. गंगूबाई ते गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या आणि मग काउंटरवर दोन्ही हात जोडून वाकल्या. तो गोंधळला.

"अरे अम्मा, रहने दो, ये क्या कर रही हो!"

"भिया, मी जे बोलली ते परत घेते. तुला लेकरं आहेत का?"

"शादी ही नहीं हुई अभी," तो म्हणाला, आणि नकळत हसला. गंगूबाईही रडता रडता हसल्या. शैलजाताई मात्र मागे दाराशीच उभ्या होत्या. त्यांना पुढे होता येत नव्हतं. शेवटी त्यानेच त्यांच्याकडे पाहिलं.

"मैडम, एक बात पूछूँ? मेरा उच्चारण सही था ना?"

"सही था," ताई म्हणाल्या. "बिल्कुल सही था। गलत मैं थी।"

त्याने मान हलवली. मला वाटलं, त्याला नोकरीबद्दल काही विचारायचं असेल, पण त्याला एवढंच हवं होतं. चार महिने तो बहुतेक तेच घोळवत बसला असावा. खुर्च्या दोनच होत्या, त्या त्याने आम्हाला दिल्या, आणि चहा मागवला.

ट्रस्टने अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. अश्विनची जागा तोवर भरलेली होती, ती त्याला परत मिळाली नाही. मात्र त्याच्या कागदांवर जो शेरा होता तो त्यांनी काढला आणि तीन वर्षांच्या कामाचा चांगला दाखला दिला. त्यावर त्याला पुढे पिथमपूरच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये नोकरी लागली. शिखाच्या बाबतीत ट्रस्ट काही करू शकला नाही. बारा मुली शिकायला लागल्या होत्या आणि नियम नियम होता.

शिखाला ते सगळं आईकडून कळलं. ती दोन दिवसांनी एकटीच आली. शैलजाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण शिखाच आधी बोलली.

"ताई, मला नर्स व्हायचं होतं."

"हो बेटा."

"बस, एवढंच सांगायला आली." आणि ती गेली. तिने भांडण केलं नाही, टोमणा मारला नाही. शैलजाताई म्हणतात, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्या बराच वेळ उभ्याच होत्या. मी खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

शिखा आता एका डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. नमकीनचा कारखाना सुटला. काम बरं आहे, माणसं बरी आहेत, असं गंगूबाई सांगतात. त्या नोकरीचे फॉर्म तिने स्वतःच, आपल्या फोनवर भरले. कुणालाही विचारलं नाही.

शैलजाताईंनी पुढच्या खोलीतलं काम दोन महिने बंद ठेवलं होतं. लोक येतच राहिले म्हणून पुन्हा सुरू केलं, पण आता त्या फोनवर कुणाचं काहीही ऐकलं की म्हणतात, "स्पेलिंग बोलिए," आणि कागदावर लिहून घेतात. लोकांना वाटतं ताईंना कमी ऐकू येतं. कुणी तसं विचारलं तर त्या हो म्हणतात.

महूहून परतल्यावर गंगूबाई अकरा दिवस आल्या नव्हत्या. बाराव्या दिवशी आल्या, चपला बाहेर काढल्या, आत जाऊन पीठ चाळू लागल्या. त्याआधी त्या पोळ्या करताना सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगायच्या. आता फारसं बोलत नाहीत. किती पोळ्या, एवढं विचारतात. मी एकदा शैलजाताईंना विचारलं, "त्यांनी तुम्हाला माफ केलं का?"

"ती तसं बोलली नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी विचारलंही नाही. विचारायचा हक्क नाही मला." मग आत बघून जरा मोठ्याने म्हणाल्या, "गंगूबाई, आज चारच करा. क्षितिजा बाहेर जेवणार आहे."

आतून "बरं" असं आलं, आणि लाटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.